जऊळक्याची पलटण आणि हजेरीचा कागद

(१)

वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील जऊळका हें गांव अकोला-पूर्णा लोहमार्गावर आहे. येथून उत्तरेस गेलें म्हणजे अकोला व त्यापलीकडे अचलपूर, दक्षिणेस गेलें म्हणजे वाशीम व पुढें हिंगोली. अचलपूर आणि हिंगोली हीं दोन्ही ठिकाणें निजामाच्या कंटिन्जंट फौजेच्या छावण्यांचीं. या दोन छावण्यांमधील पट्ट्यांत जुन्या घरांतून फौजेशीं झालेल्या देवघेवीचे कागद निघण्याचा संभव नेहमींच असतो. अशाच एका घरीं एक रुमाल शिल्लक आहे असें ऐकून गेल्या वर्षीं दसऱ्याच्या सुमारास आम्ही जऊळक्यास गेलों.

रुमाल होता, परंतु कागद नव्हते. सोडून पाहतों तों वाळवीनें आंतील सर्व कागदांचा भुगा केलेला. घरधन्यांनीं सांगितलें कीं, तीस-एक वर्षांपूर्वीं एक संग्राहक येऊन गेले. त्यांनीं शिक्कामोर्तबाचे तीन-चार कागद निवडून घेतले. उरलेले, 'हे नुसते नांवनिशीचे व हजेरीचे आहेत, यांत कांहीं नाहीं,' असें म्हणून पुन्हा बांधून दिले. तेव्हांपासून तो रुमाल कोणीं सोडला नाहीं. जें नेलें तें वांचलें, जें 'कांहीं नाहीं' म्हणून ठेविलें तें गेलें. नेलेले कागदही आज कोणाच्या संग्रहांत आहेत व ते जऊळक्याच्या रुमालांतील होत हें त्या संग्रहाच्या आजच्या मालकास ठाऊक आहे किंवा नाहीं, हें कोण सांगणार ?

रिकाम्या हातीं परतण्याच्या तयारींत आम्ही असतां त्या घरांतील वीस-बावीस वर्षांच्या नातवानें आम्हांस एक प्रश्न विचारिला. पूर्वीं पलटणीची हजेरी कशी ठेवीत असत ? प्रश्न इतका नेमका कीं आम्हांस आश्चर्य वाटलें. इतिहासाची आवड असणारे तरुण बहुधा तलवारीची लांबी विचारतात, किल्ल्याच्या भुयाराची चौकशी करितात. हजेरीची चौकशी कोणी करीत नाहीं. कारण विचारतां तो म्हणाला कीं, आपण स्वतः एका पलटणीचे हवालदार आहों व तिची हजेरी आपणांकडे आहे. ही पलटण म्हणजे संगणकावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतील पलटण होय. त्यानें आपली वही आम्हांस दाखविली. त्या वहीनें आम्हांस जो विचार करावयास लाविला तो वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

(२)

आमच्या वाचकांपैकीं अनेकांस हे खेळ अपरिचित असतील, म्हणून त्यांचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. तुर्कस्थानांतील अंकारा शहरच्या टेलवर्ल्ड्स या मंडळीनें २०१० सालीं 'माउंट अँड ब्लेड : वॉरबँड' नांवाचा खेळ काढिला. त्यास जोडून २०१२ सालीं 'नेपोलिऑनिक वॉर्स' हा भाग निघाला. त्यांत नेपोलियनच्या काळच्या फ्रेंच, इंग्रज, प्रशियन, रशियन व ऑस्ट्रियन फौजा आहेत. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धावरील 'वॉर ऑफ राइट्स' हा खेळ २०१८ सालीं लोकांच्या हातीं आला, आणि नेपोलियनच्याच काळावरील 'होल्डफास्ट : नेशन्स ॲट वॉर' हा २०२० सालीं पूर्ण रूपानें प्रसिद्ध झाला. या खेळांत एका मैदानावर शंभर-दोनशें माणसें एका वेळीं उतरूं शकतात. प्रत्येक जण आपापल्या घरीं बसून एकेक शिपाई चालवितो. सेनापतीच्या उंचीवरून सर्व फौज हलविण्याचा बुद्धिबळासारखा हा प्रकार नव्हे. येथें खेळणाऱ्यास आपल्या एकाच शिपायाचे डोळे व एकच बंदूक मिळते.

या बंदुकीच्या स्वभावांतच पलटणीचें बीज आहे. जुन्या काळची ती तोंडानें भरावयाची बंदूक. एकदां उडाली कीं पुन्हा भरण्यास वेळ लागतो, आणि दूरचा नेम धरवत नाहीं. एकट्या शिपायानें ती चालविली तर तो फुकट मरतो. वीस जणांनीं ओळ धरून हुकुमासरशीं चालविली तर मात्र तिचें भय वाटूं लागतें. यामुळें खेळणाऱ्यांनीं आपण होऊन पलटणी उभारल्या. खेळ विकणाऱ्यांनीं मैदान, पोशाख व शस्त्रें दिलीं. कप्तान, हवालदार, कवाईत, शिस्त व हजेरी हीं खेळणाऱ्यांनीं स्वतः निर्माण केलीं. लढाईचा वार व वेळ आगाऊ ठरते. ओळ सोडून एकट्यानें गोळी झाडणें हा अपराध समजतात. जो पडला त्यानें तो डाव संपेपर्यंत मुकाट्यानें पाहत बसावें असा नियम असतो. हुकूम तोंडीं, इंटरनेटवरून आवाज पोहोंचवून दिले जातात. आठवड्यांतील एक दिवस कवाईतीचा, एक-दोन लढाईचे. नवा आलेला उमेदवार. कांहीं हजेऱ्या भरल्या कीं शिपाई. पुढें नाईक, हवालदार याप्रमाणें चढत जावयाचें.

जऊळक्याचा हा तरुण ज्या पलटणींत आहे तिच्यांतील बहुतेक मंडळी युरोपांतील आहेत. लढाई त्यांच्या घड्याळाप्रमाणें रात्रीं आठ वाजतां होते. मध्य युरोपांत उन्हाळ्यांत घड्याळें एक तास पुढें करितात, त्यामुळें आपल्याकडे ती वेळ वर्षाच्या एका भागांत साडेअकराची व दुसऱ्या भागांत साडेबाराची पडते. दिवसभर शेताचें व दुकानाचें काम करून हा मुलगा मध्यरात्रीं हजेरी घेण्यास बसतो. ज्यांना त्यानें कधीं पाहिलें नाहीं अशा चाळीस-पन्नास माणसांचीं नांवें तो पुकारतो. वहींत नांव, दर्जा, दाखल झाल्याची तारीख, हजेरी, रजा व शेरा असे सहा रकाने आहेत. 'वीज गेली' हा शेरा त्याच्या स्वतःच्या नांवापुढें पांच ठिकाणीं आढळला. रजा सांगून गेलेल्यास व न सांगतां गेलेल्यास निरनिराळी खूण आहे. लागोपाठ चार आठवडे न सांगतां गैरहजर राहणाऱ्याचें नांव तांबड्या शाईनें वेगळ्या पानावर जातें.

आम्हीं त्यास विचारिलें कीं, पलटण उभारण्यांत सर्वांत कठीण गोष्ट कोणती ? त्यावर त्यानें आपल्या वऱ्हाडी बोलींत दिलेलें उत्तर आम्ही तसेंच देतों : "काकाजी, निशान तं कोनीबी काढते, हजेरी ठेवनं कठीन हाये." त्याच्या सांगण्याप्रमाणें पलटणी मोडतात त्या हरण्यानें मोडत नाहींत. हरलेली पलटण पुढच्या आठवड्यास अधिक इरेनें येते. मोडते ती जिचा हवालदार हजेरी घेण्याचें सोडतो ती. किंवा जिच्यांतील एखादा नायक रुसून आपलीं दहा माणसें घेऊन दुसरीकडे जातो ती. हें ऐकतांना पथक फुटून शिलेदार दुसऱ्या सरदाराकडे गेल्याचीं पेशवाईंतील किती तरी उदाहरणें आमच्या डोळ्यांपुढें उभीं राहिलीं.

(३)

मराठी फौजेच्या रचनेचा आपणांस सर्वांत जुना व सुसंगत असा जो वृत्तांत उपलब्ध आहे तो सभासदाचा. कृष्णाजी अनंत सभासदानें आपली बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली. तिचा काळ इ. स. १६९७ च्या सुमाराचा धरितात. तींत पागेची मांडणी दिली आहे ती अशी : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी, पांच हजाऱ्यांचा एक पंचहजारी. पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. पायदळांत नऊ पाइकांवर एक नाईक, पांच नायकांवर एक हवालदार. जुमलेदारास व त्यावरील अंमलदारास मजमूदार, कारकून, जमेनीस असे लेखणीवाले जोडून दिलेले असत.

या मांडणींत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, हिशेब केला असतां हजाऱ्याच्या हाताखालीं हजार नव्हे, साडेबाराशें घोडा येतो, आणि पंचहजाऱ्याकडे सवासहा हजार. नांव एक व संख्या दुसरी. केवळ पदव्यांवरून फौजेचा अंदाज बांधणाऱ्या अभ्यासकानें हें नेहमीं ध्यानांत ठेवावें. खरी संख्या पदवींत नसून यादींत असते. दुसरी गोष्ट ही कीं, सभासद तलवारबहाद्दराबरोबर लेखणीवाल्यास विसरत नाहीं. जेथें जुमलेदार आहे तेथें त्याचा मजमूदार आहे. लढणाऱ्यावर लिहिणाऱ्याची नजर ही त्या फौजेची मूळ घडण होती.

छावणीसंबंधानें सभासद सांगतो त्यांतही हेंच दिसतें. पावसाळा छावणींत काढावा, दसऱ्यास कूच करावें. निघतेवेळीं लहानथोर सर्वांच्या जवळील चीजवस्तूंची यादी करावी. आठ महिने मुलुखगिरी करून फौज परत छावणीस आली म्हणजे त्याच यादीवरून झडती घ्यावी आणि जें अधिक निघेल त्याचा हिशेब सरकारांत द्यावा. यादी निघतांना एक व परततांना एक. या दोन याद्यांच्या मध्यें जी मोहीम झाली तिच्या पराक्रमाचें वर्णन बखरकार करितो व तें आपण आवडीनें वाचतों. परंतु तो पराक्रम करणारी फौज या दोन याद्यांनीं जोडलेली होती. दर दसऱ्यास तीच माणसें, तेच घोडे, त्याच हवालदाराखालीं पुन्हा निघत, म्हणून तिला फौज म्हणावयाचें. एरव्हीं ती जत्रा झाली असती.

बारगीर व शिलेदार हा भेद वाचकांस परिचितच आहे. बारगिराचा घोडा सरकारचा अथवा धन्याचा, शिलेदाराचा स्वतःचा. पेशवाईंत शिलेदारी पथकांचें प्रमाण वाढलें, मोहिमेपूर्वीं शिलेदारांस नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम देण्याची पद्धत पडली, आणि त्याबरोबर हजेरीचें महत्त्व कमी न होतां उलट वाढलें. ज्यानें पांचशें घोड्यांचा सरंजाम घेतला तो गणतीच्या दिवशीं पांचशें दाखवितो कीं शेजारच्या पथकांतून दीडशें उसने आणून दाखवितो, हा प्रश्न हुजुरास पडूं लागला. गणतीचे कागद कंटाळवाणे आहेत असें म्हणणाऱ्यानें हें लक्षांत घ्यावें कीं, ज्या मोहिमेंत कागदावरील घोडा मैदानावर निघाला नाहीं तिच्या अपयशाचें कारण त्या कागदांतच सांपडावयाचें.

(४)

उसन्या घोड्याचा व बदली माणसाचा बंदोबस्त करण्यासाठीं पुरातन काळापासून दोन उपाय योजीत आले आहेत. घोड्यास दाग, माणसाचा चेहरा. अलाउद्दीन खिलजीनें चौदाव्या शतकाच्या आरंभीं ही पद्धति अमलांत आणिली. पुढें अकबरानें १५७४ च्या सुमारास तिला नवें बळ दिलें. घोड्याच्या अंगावर डाग देऊन त्याचा रंग, खुणा वगैरे लिहून ठेवावयाचें. माणसाचें नांव, बापाचें नांव, वस्ती, रंग, उंची, तोंडावरील तीळ, जखमेचा वण हें सर्व टिपावयाचें. यास चेहरा लिहिणें म्हणत, व अशा यादीस मराठींत चेहरेपट्टी असा शब्द आहे. ज्या गरीब शिपायाचें चित्र कोणीं काढिलें नाहीं, ज्याची कैफियत कोणीं लिहिली नाहीं, त्याचें रूप आपणांस कळतें तें या चेहरेपट्टींतून. डाव्या भिवईवरील वण ही त्याची एकमेव तसबीर होय.

येथें एक शब्द पाहण्याजोगा आहे. फौजी कागदांत शिपायास अथवा त्याच्या जागेस 'असामी' म्हणतात. हा शब्द अरबी. 'इस्म' म्हणजे नांव, आणि असामी हें त्याचें बहुवचनी रूप. म्हणजे असामीचा मूळ अर्थ 'नांवें' असा आहे. मराठींत तो एका माणसास लागूं लागला, आणि पुढें शिलेदारी रिसाल्यांत त्यास याहूनही निराळा अर्थ आला. शिपायाची जागा, तिच्याबरोबर येणारा घोडा व सरंजाम, यांस मिळून असामी म्हणूं लागले. तिला किंमत असे, ती विकत घेतां येई, एकाच मालकाकडे अनेक असाम्या असत व त्यांवर तो आपले बारगीर बसवी. नांव हेंच माणूस, नांव हीच जागा व नांव हीच मालमत्ता, असा या एका शब्दाचा प्रवास आहे.

जऊळक्याच्या वहींतील पलटण हें सर्व अर्थ सोडून पुन्हा मूळ अर्थावर आली आहे. तिच्यांतील असामी म्हणजे केवळ नांव. तेंही आईबापांनीं ठेवलेलें नव्हे, स्वतः घेतलेलें. घोडा नाहीं, जागेस किंमत नाहीं, चेहरा तर मुळींच नाहीं. तरी बदलीची अडचण तेथेंही आहेच ! एकाच्या नांवावर त्याचा धाकटा भाऊ येऊन खेळून जातो. आमच्या तरुण हवालदारास तो आवाजावरून व चालीवरून ओळखतां येतो. 'बंदूक भरतांना हा मागें सरकतो, याचा भाऊ सरकत नाहीं,' असें त्यानें आम्हांस सांगितलें. चेहरा लिहिण्याची सोय नाहीं तेथें सवय हाच चेहरा झाला. शेऱ्याच्या रकान्यांत त्यानें तशी टीपही केली होती. त्यास चेहरेपट्टी हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु त्यानें ती लिहिली होती.

(५)

आतां पगाराकडे वळूं. या खेळांतील पलटणीस पगार नाहीं. म्हणून नांवनिशी व हजेरी या दोन कागदांवर तिचें भागतें. खऱ्या पलटणीस तिसरा कागद लागतो, आणि तो नीट न राहिला म्हणजे काय होतें हें वऱ्हाडाएवढें दुसऱ्या कोणत्या प्रांतास कळलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

१८०३ सालीं आडगांव व गाविलगड येथें भोसल्यांचा मोड झाल्यावर देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेलें. त्यानंतर हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल यानें १८१३ च्या सुमारास निजामाच्या खर्चानें व इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं कवाईती पलटणी उभारल्या. त्या रसेल ब्रिगेड नांवानें प्रसिद्ध आहेत. याच व्यवस्थेची वाढ होऊन कंटिन्जंट फौज झाली. फौज निजामाची म्हणावयाची, हुकूम इंग्रज अंमलदारांचा, आणि पगार दरमहा रोख हवा. दिवाण चंदूलाल याच्याजवळ दरमहा रोख नसे. तेव्हां सावकार मध्यें आले. विल्यम पामर आणि मंडळीच्या पेढीनें पगाराची तोंडमिळवणी करावी व तिला वऱ्हाडच्या वसुलावर वराता मिळाव्या, असें ठरलें. व्याज वाढलें, बोभाटा झाला. नवा रेसिडेंट मेटकाफ यानें तो कारभार उघडकीस आणिला. शेवटीं उत्तर सरकार प्रांताबद्दल इंग्रजांकडून निजामास मिळणारी सालीना पेशकश एक कोटी सहासष्ट लाखांवर कायमची तोडून त्या पैशांतून देणें वारलें. पुढें पारशी सावकार पेस्तनजी व विकाजी मेहेरजी आले. त्यांच्याकडेही वऱ्हाडचा वसूल लावून दिलेला होता. औरंगाबादच्या टांकसाळींत पडलेला पेस्तनशाही रुपया आमच्या नाणेसंग्राहक वाचकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. त्या रुपयाकडे पाहतांना त्याची एक बाजू वऱ्हाडच्या कुणब्याच्या खळ्यावर टेकलेली आहे हें विसरूं नये.

इतकें करूनही पगार तुंबत राहिला, व कंपनी सरकारानें आपल्या तिजोरींतून तो देऊन निजामाच्या नांवें मांडला. त्या कर्जाच्या फेडीसाठीं व पुढील पगाराच्या तजविजीसाठीं १८५३ च्या मे महिन्यांत तह होऊन वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत देण्यांत आले. त्याच तहांत फौजेचा आंकडाही बांधून दिला : पायदळ पांच हजारांहून व घोडदळ दोन हजारांहून कमी नसावें, व तोफखान्याचीं चार पथकें असावीं. १८६० च्या तहानें धाराशिव व रायचूर दुआब परत गेले व पन्नास लाखांचें कर्ज माफ झालें. वऱ्हाड मात्र परत गेलें नाहीं. १९०२ सालीं तें सालीना पंचवीस लाखांच्या खंडानें कायमचें इंग्रजांकडे राहिलें, आणि १९०३ सालीं कंटिन्जंट फौज हिंदुस्थानच्या सैन्यांत सामील होऊन तिचें निराळें अस्तित्व संपलें. ज्या फौजेच्या पगारासाठीं प्रांत लावून दिला ती फौज नाहींशी झाली, तरी प्रांत जेथें गेला तेथेंच राहिला.

वऱ्हाडच्या इतिहासाची ही कथा या. मा. काळे यांच्या १९२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'वऱ्हाडचा इतिहास' या ग्रंथानंतर नवी नाहीं. तह व करारमदार सर्व छापलेले आहेत. परंतु तहाच्या कलमांत जे पांच हजार व दोन हजार म्हणून येतात ते कोण होते ? त्यांपैकीं किती खरोखर छावणींत हजर असत, किती कागदावर ? महिन्याचा पगार महिन्यास मिळाला कीं चौथ्या महिन्यास ? वाण्याकडे त्यांची उधारी किती ? याचें उत्तर देणारे कागद हिंगोली-अचलपूरच्या परिसरांतील घरांतूनच मिळावयाचे. जऊळक्याचा भुगा झालेला रुमाल याच जातीचा असावा असा आमचा तर्क आहे. आतां तो तर्कच राहणार.

शिस्तीसंबंधानेंही असेंच. १८५५ सालीं मोहरमांत बोलारम येथें कंटिन्जंटच्या तिसऱ्या रिसाल्यांतील स्वारांनीं ब्रिगेडियर कॉलिन मॅकेन्झी यावर हल्ला करून त्यास घायाळ केलें. मिरवणुकीवर घातलेली बंदी हें त्याचें निमित्त. सरकारी चौकशीचा कागद अशा प्रसंगीं होतोच; परंतु रिसाला म्हणजे पगारी नोकरांचा जमाव नसून सण, भाऊबंदकी व अब्रू असलेली एक वस्ती आहे, हें वरच्या कागदांतून दिसत नाहीं. तें खालच्या, रोजच्या कागदांतून दिसतें. कोणाची रजा कोणत्या सणास, कोणाचा जामीन कोण, कोण कोणाच्या ओळखीनें भरती झाला, हीं नातीं ज्यास ठाऊक नव्हतीं त्या ब्रिगेडियरास तीं एका रात्रींत कळलीं.

(६)

आमच्या तरुणाचा दुसरा प्रश्न नांवाचा होता. त्यास आपली स्वतंत्र तुकडी काढावयाची आहे व तिला वऱ्हाडच्या एखाद्या जुन्या पलटणीचें नांव द्यावयाचें आहे. त्यास आम्हीं जें सांगितलें तें येथें नमूद करितों.

१९०३ सालीं कंटिन्जंटच्या सहा पायदळ पलटणींस ९४ पासून ९९ पर्यंत अंक मिळाले. ९४ वी व ९५ वी या रसेलच्या नांवानें, ९६ वी वऱ्हाडच्या, म्हणजे इंग्रजी उच्चारानें 'बेरार', या नांवानें. घोडदळाचे २० वा व २९ वा रिसाला डेक्कन हॉर्स म्हणून, व ३० वा गॉर्डन्स हॉर्स म्हणून ओळखूं लागले. पैकीं ९८ वी पलटण आपला उगम १७८८ सालच्या अचलपूरच्या सलाबतखानाच्या फौजेपर्यंत नेते. १९२२ सालच्या फेररचनेंत या पलटणींची १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली, ९८ वी तींत चौथी बटालियन झाली. आणि १९४५ सालीं त्याच रेजिमेंटचें नांव कुमाऊं असें ठेविलें गेलें. १९४७ च्या नोव्हेंबरच्या ३ तारखेस काश्मीरांत बडगाम येथें पडलेले मेजर सोमनाथ शर्मा, ज्यांस स्वतंत्र भारताचें पहिलें परमवीरचक्र मिळालें, ते याच चौथ्या कुमाऊं बटालियनचे. अचलपूरच्या नबाबाच्या फौजेपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ही एका यादीची अखंड लांबी आहे. माणसें बदललीं, धनी बदलले, जाती बदलल्या, पोशाख व नांवही बदललें. एका नांवाखालीं दुसरें लिहिण्याचें काम मात्र थांबलें नाहीं, म्हणून ती तीच पलटण.

नांवानें फसूं नये याचेंही उदाहरण येथेंच आहे. या खेळांत इंग्रजांच्या ९५ व्या रायफल्सचें नांव घेणाऱ्या तुकड्या पुष्कळ आढळतात. ती पलटण १८१६ सालीं अंकांतून निघून रायफल ब्रिगेड झाली. आमच्या रसेलच्या ९५ व्या पलटणीशीं तिचा अंकापलीकडे कांहींएक संबंध नाहीं. तसेंच, ९६ वी पलटण वऱ्हाडच्या नांवाची असली तरी कंटिन्जंटच्या पायदळांत मोठी भरती उत्तर हिंदुस्थानांतील लोकांची असे. वऱ्हाडी माणूस त्या नांवांत आहे तो शिपाई म्हणून क्वचित्. तो आहे पगार भरणारा म्हणून. 'वऱ्हाड' हें नांव निशाणावर घालावयाचें तर हें जाणून घालावें, असें आम्हीं त्यास म्हटलें. त्यानें थोडा विचार करून उत्तर दिलें कीं, तसें असेल तर नांव तेंच ठेवीन. पगार भरणाऱ्यांची पलटण अजून कोणीं काढिली नाहीं.

(७)

खेळ तो खेळ. त्यांतला मेलेला शिपाई पुढल्या डावास उठून उभा राहतो. पेशवाईंत कामास आलेल्याच्या मुलांस बालपरवेशी द्यावी लागे, पडलेल्या घोड्याची भरपाई करावी लागे, आणि ती न मिळाली म्हणजे घर बुडे. ज्या पलटणींत विधवा नाहीं, सावकार नाहीं, उपाशी घोडा नाहीं, तिच्यावरून खऱ्या पलटणीचें सर्व स्वरूप कळेल असें आम्ही म्हणत नाहीं. उलट, जो कोणी या खेळामुळें लढाई म्हणजे मौज असें समजेल त्यास बालपरवेशीची एक यादी वाचावयास द्यावी.

तरी एक गोष्ट हा खेळ दाखवितो, व ती आमच्या क्षेत्रांतील विद्वानांस उपयोगी आहे. पगार, लूट, वतन, भय हीं सर्व काढून टाकिलीं तरी पलटण उरते, आणि ती नांव पुकारण्यांत उरते. पुकारल्यावर कोणी तरी 'हजर' म्हणतो. न म्हटल्यास त्याचा शोध होतो. जुन्या फौजांच्या अभ्यासांत पैशाचे धागे इतके दाट आहेत कीं हा बारीक धागा त्यांत दिसत नाहीं. पगार चार-चार महिने थकला असतांही कित्येक पथकें मोडत नव्हतीं, याचें कारण आपण स्वामिनिष्ठा म्हणून सांगतों किंवा दुसरा आश्रय नव्हता म्हणून सांगतों. दोन्ही खरीं असतील. तिसरें कारणही पाहिलें पाहिजे : रोज सकाळीं हवालदार नांव पुकारीत होता.

हें पाहावयाचें तर हजेरीचे कागद हवेत, आणि तेच आम्ही टाकीत आलों. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तरांतून निवडून काढिलेले पंचेचाळीस खंड हें मोठें उपकारी काम आहे. पण ती निवड मुख्यतः पत्रांची आहे. हिशेबी रुमालांचा डोंगर मागें राहिला. यवतमाळच्या शारदाश्रमासारख्या संस्थांनीं वऱ्हाडांतील पोथ्या व कागद जतन केले नसते तर आज तेवढेंही दिसतें ना. तथापि खाजगी संग्राहकाची दृष्टि अजूनही मोर्तब, अक्षर व प्रसिद्ध नांव यांवरच आहे. बाजारांतही तसाच भाव येतो. शिक्क्याच्या एका कागदास जी किंमत मिळते ती हजेरीच्या संबंध रुमालास मिळत नाहीं.

म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंती तीन कलमांची आहे. पहिलें : रुमाल फोडूं नये, एक कागद न्यावयाचा तर सर्व न्यावा, नाहींतर सर्व ठेवावा. दुसरें : फोडणें भागच पडलें तर कोणत्या गांवच्या, कोणत्या घरच्या, कोणत्या रुमालांतून कोणता कागद घेतला याची टीप त्या घरीं व आपल्या संग्रहीं, दोन्हीकडे ठेवावी. तिसरें : ज्या याद्या नेणें शक्य नसेल त्यांचीं छायाचित्रें त्याच दिवशीं, तेथेंच घ्यावीं. आज प्रत्येकाच्या खिशांत त्याचें साधन आहे. तीस वर्षांपूर्वीं तें नव्हतें, ही सबब आतां चालणार नाहीं.

त्या तरुणाची वही कागदाची आहे, हा योगायोग आहे. त्याच्या बरोबरीच्या इतर पलटणींच्या नांवनिश्या इंटरनेटवरच असतात. ज्या ठिकाणीं त्या लिहिलेल्या असतात तें ठिकाण बंद झालें कीं त्या एका क्षणांत जातात. वाळवीस निदान कांहीं वर्षें तरी लागतात. दहा-वीस वर्षें निरनिराळ्या देशांतील माणसें एका वेळीं, एका हुकुमाखालीं, कोणत्याही वेतनावांचून जमत होतीं, हें पुढील काळच्या इतिहासकारास कदाचित् खरेंही वाटणार नाहीं. म्हणून आम्हीं त्यास सांगितलें कीं, ही वही संपली म्हणजे फेंकूं नकोस. तारीख घालून आजोबांच्या त्याच रुमालांत बांध, आणि वर्षांतून एकदां सोडून पाहत जा.

रुमाल झटकून, उन्हांत वाळवून त्यानें आमच्यासमक्ष वळचणीच्या दांडीवर टांगला. जुन्यांतला एकही कागद त्यांत नाहीं. नवा येईल तो वाळवीच्या आधीं कोणी तरी वाचावा, एवढी व्यवस्था झाली.